स्पिनिंग रॉड स्वतः बांधताय? गाइड निवडण्याआधी हे वाचा

मासेमारीचा पहिला रॉड बांधला तेव्हा मी आधी ब्लँक (रॉडची नुसती काडी) घेतला, मग त्याला शोभतील असे गाइड (दोरी ज्यांतून जाते त्या कड्या) घेतले आणि दोरी गुंडाळायचं रील सगळ्यात शेवटी. क्रम नेमका उलटा झाला होता, पण ते सांगणारं जवळ कुणी नव्हतं. 'सात फुटी रॉडचा संच' म्हणून मिळालेले गाइड मी मोठ्यापासून लहानापर्यंत एकसारख्या उतरत्या क्रमाने लावले. धागा गुंडाळला, वर इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा लेप) फिरवलं. रॉड दिसायला इतका देखणा झाला होता की दोन दिवस तो मी बैठकीतच ठेवला.

तिसऱ्या दिवशी नागपूरजवळ कन्हान नदीच्या काठावर गेलो. तिथे लहानपणापासून गरी टाकणारे एक काका बसले होते. त्यांनी रॉड हातात घेतला, दोनदा हलवला आणि म्हणाले, "भाऊ, काडी चांगली हाये, पण टोकाले लय वजन केलं तुमी." पहिल्याच फेकीत त्यांचं म्हणणं पटलं. दोरी फडफड करत ब्लँकवर आपटत होती आणि टोक फेकीनंतरही थरथरत राहत होतं. दहा ग्रॅमचा लुअर (खोटं आमिष) जेमतेम पंधरा-वीस पावलांवर पडत होता. पुढे सगळे गाइड ब्लेडने कापून काढले आणि नव्याने सुरुवात केली.

ती दुसरी सुरुवात खाली लिहिली आहे. गाइड रॉडच्या लांबीवरून निवडायचे नसतात. ते रीलवरून आणि दोरीवरून निवडायचे असतात, आणि त्यांची संख्या व जागा शेवटी ब्लँकचा बाक ठरवतो. हे एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

आधी हे जमवून ठेवा

- ज्या रीलने मासे धरणार आहात तेच रील, त्यावर दोरी भरलेली
- व्हर्नियर कॅलिपर (नागपुरात इतवारीत हार्डवेअरच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो, साधा प्लॅस्टिकचाही चालतो)
- मोजपट्टी, पांढरी पेन्सिल, मास्किंग टेप
- सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, दोन-तीन फूट. हिचा उपयोग पुढे सांगतो.
- बारीक कानस आणि शून्य नंबरचा पॉलिश पेपर
- कान साफ करायच्या कापसाच्या काड्या
- एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली आणि मजबूत सुतळी
- माल परदेशातून मागवणार असाल तर आधार आणि पॅनची प्रत. कुरिअरवाले सीमाशुल्काच्या कामासाठी ती मागतात. कागद वेळेवर दिले नाहीत तर पार्सल तिथेच अडकून पडतं. शुल्क वेगळं लागू शकतं, ते किमतीत धरूनच हिशेब करा.

१. आधी रील आणि दोरी पक्की करा

संक्रांतीला पतंग उडवताना चक्री फिरते आणि मांजा तिच्यावरून सरळ निघतो. स्पिनिंग रीलचं तसं नाही. इथे स्पूल (दोरी गुंडाळलेली फिरकी) जागच्या जागी असतं आणि दोरी त्याच्या ओठावरून वेटोळी घेत सुटते. मोठ्या स्पूलची वेटोळी मोठी, लहान स्पूलची लहान. गाइडचं पहिलं काम ही वेटोळी आवरायचं, म्हणजे फिरत निघालेल्या दोरीला थोडक्या अंतरात सरळ करून पुढे टोकाकडे पाठवायचं. दुसरं काम मासा लागल्यावरचं: ताण ब्लँकच्या पूर्ण लांबीवर वाटून द्यायचा. नवीन माणूस बहुतेक वेळा या दुसऱ्या कामाचाच विचार करतो. मीही तेच केलं होतं.

म्हणून रील हातात आल्याशिवाय गाइड मागवू नका. 'नंतर कुठलंही लावू' असं चालत नाही. १००० आकाराच्या रीलला बसणारी गाइडची मांडणी ४००० च्या रीलवर दोरी गुदमरवते.

दोरीचाही विचार याच वेळी करा. आजकाल बहुतेक जण ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, वापरतात. ती मऊ असते, तिला आकाराची आठवण नसते, त्यामुळे ती लहान रिंगमधून सहज जाते. जाड मोनो, म्हणजे एकाच तंतूची दोरी, कडक असते आणि तिची वेटोळी लवकर मोडत नाहीत. पाच-सहा मिलिमीटरच्या रिंगमधून जाड मोनो फेकायचा हट्ट धरला तर फेक आखूड होते. आणखी एक गोष्ट: ब्रेडला पुढे लीडर (टोकाला जोडायचा वेगळ्या दोरीचा तुकडा) बांधणार असाल तर ती गाठ रिंगमधून जायला हवी. खिंडसी तलावावर किंवा नवेगाव खैरीच्या धरणावर बारीक लुअरने मासे धरणाऱ्याचा लीडर पातळ असतो, त्याला अडचण नाही. पण जलपर्णीतून मरळ ओढून काढायचा असेल तर लीडर जाड घ्यावा लागतो आणि गाठही तशीच जाड होते. अशा वेळी टोकाकडचे गाइड एक आकार मोठे घ्या.

२. गाइडवरचा आकडा काय सांगतो

गाइडवर २५, १६, १०, ५.५ असे आकडे असतात. हा रिंगचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दोरी ज्या भोकातून जाते ते याहून लहान असतं, आणि किती लहान ते रिंगच्या जाडीवर अवलंबून असतं. जाड आणि स्वस्त रिंगचा सहा नंबर आतून चांगल्या पातळ रिंगच्या पाच नंबरएवढा भरू शकतो. आकड्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा कॅलिपरने आतलं भोक मोजा.

स्पिनिंग रॉडवर तीन प्रकारचे गाइड लागतात. रीलजवळचा मोठा तो स्ट्रिपर. दोरी पूर्ण सरळ होते तिथला तो चोक. त्यानंतर टोकापर्यंत सगळे एकाच मापाचे लहान, त्यांना रनिंग गाइड म्हणतात. स्ट्रिपर आणि चोकच्या मध्ये बहुधा एक मधला गाइड असतो.

जुन्या पद्धतीत मोठ्यापासून लहानापर्यंत हळूहळू उतरती मांडणी असे, ३०, २०, १६, १२, १०, ८ अशी. माझ्या पहिल्या रॉडवर हीच होती. फुजी या जपानी कंपनीने रूढ केलेल्या नव्या मांडणीत उतार एकदम तीव्र असतो. पहिल्या तीन गाइडमध्येच आकार जवळपास निम्मा-निम्मा होत जातो आणि पुढे सगळे बारीक. त्यामुळे टोकाकडचं वजन कमी होतं. टोकाकडचा एकेक ग्रॅम हाताला किती जाणवतो, ते रॉड हलवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मी स्वतः ज्यावरून सुरुवात करतो ती मापं अशी:

- १००० चं रील, हलका रॉड: १६, ८, ५.५ आणि पुढे सगळे ५ किंवा ५.५
- २५०० चं रील, सहा-सात फुटी मध्यम-हलका रॉड: २०, १०, ५.५ आणि पुढे सगळे ५
- ३००० ते ४००० चं रील, मरळसाठी जरा दणकट रॉड: २५, १२, ६ आणि पुढे सगळे ६

हे आरंभबिंदू आहेत. तुमचं रील आणि तुमची दोरी यांनुसार एखादं माप बदलेल, आणि ते पायरी ८ मध्ये कळेलच.

३. रिंग: पैसे इथे खर्च करा

गाइडचे दोन भाग असतात. धातूची फ्रेम आणि तिच्यात बसवलेली सिरॅमिकची रिंग. दोरी घासते ती रिंगवर.

अॅल्युमिनियम ऑक्साइडची रिंग सगळ्यात स्वस्त. वापरता येते, पण जाड आणि जड असते. फुजीची अल्कोनाइट मधल्या किमतीत मिळते आणि पहिल्या रॉडला ती पुरेशी आहे, हे मी मनापासून सांगतो. सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे बोलण्यातली 'एसआयसी', या सगळ्यांत कठीण. तिची रिंग पातळ करता येते आणि मासा पळताना घर्षणाने होणारी उष्णता ती चटकन पसरवते. टॉर्झाइट आणखी गुळगुळीत आणि हलकी, पण किंमत डोळ्यांत पाणी आणणारी. चौथा-पाचवा रॉड बांधताना तिचा विचार करा.

फुजीच्या नावातली अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. शेवटी 'एसजी' असेल तर सिलिकॉन कार्बाइड, 'एजी' असेल तर अल्कोनाइट, 'ओजी' असेल तर अॅल्युमिनियम ऑक्साइड. एवढं कळलं तरी विक्रेत्याच्या वर्णनावर अवलंबून राहावं लागत नाही.

इथे एक सापळा आहे आणि मी त्यात अडकलो आहे. ऑनलाइन एका ठिकाणी 'एसआयसी' लिहिलेला संच अगदी निम्म्याहून कमी किमतीत दिसला. घेतला. रॉड बांधून झाल्यावर तिसऱ्या वेळी वडगाव धरणावर लुअर दगडात अडकला. मी दोरीला झटका दिला आणि टोकाकडून चौथ्या गाइडची रिंग फ्रेममधून निघून पाण्यात पडली. नुसत्या धातूच्या कडेवर ब्रेड आली आणि पुढच्या दोन-चार फेकींत तिचे तंतू सुटले. गाइड बदलायचा म्हणजे धागा कापा, इपॉक्सी खरवडा, पुन्हा गुंडाळा. एका गाइडसाठी आख्खा रविवार गेला. स्वस्तातली 'एसआयसी' खरी असेलच असं नाही, आणि खरी असली तरी ती फ्रेममध्ये नीट बसवलेली असेलच असंही नाही.

४. फ्रेम: इथे वाचवता येतं

टायटॅनियमची फ्रेम हलकी असते आणि खाऱ्या पाण्यात गंजत नाही. पण आपण नागपुरात आहोत. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आपलं सगळं पाणी गोडं. स्टेनलेस स्टीलची फ्रेम आपल्याला वर्षानुवर्षं पुरते. टायटॅनियमचे पैसे वाचवून रिंग एक पायरी वरची घ्या.

उंचीकडे मात्र लक्ष द्या. स्ट्रिपर आणि मधला गाइड उंच फ्रेमचे हवेत, कारण फिरती दोरी ब्लँकपासून लांब राहिली पाहिजे. फुजीत 'केएल-एच' नावाची मालिका याच कामासाठी आहे. चोकनंतर दोरी सरळ झालेली असते, तिथे बुटकी फ्रेम घ्या. तिथे उंची म्हणजे फुकटचं वजन, शिवाय मासा ओढताना उंच गाइड ब्लँकला पिळतो.

रिंग पुढे झुकलेली असेल अशा फ्रेमला मी प्राधान्य देतो. ब्रेडचा सैल फास गाइडभोवती पडला की तो त्या उतारावरून आपोआप घसरून जातो. वारा सुटलेला असताना याची किंमत कळते.

एक पाय (ब्लँकवर बांधायचा फ्रेमचा भाग) की दोन? रनिंग गाइडना एक पाय पुरतो. पायावर जितका धागा आणि इपॉक्सी, तितका ब्लँक तिथे कडक होतो आणि जडही होतो. हलक्या रॉडवर मी स्ट्रिपरसुद्धा एका पायाचा लावतो. मरळच्या रॉडवर स्ट्रिपर दोन पायांचा लावा. तो रॉड झुडपातून ओढला जातो, गाडीच्या दारात सापडतो, आणि सगळ्यात उंच असल्यामुळे मार आधी त्यालाच बसतो.

५. माल आला की लगेच तपासा

पाकीट उघडल्यावर कापसाची काडी घ्या आणि प्रत्येक रिंगच्या आतून गोल फिरवा. सावकाश. रिंगला केसाएवढी चीर असेल तर कापसाचा तंतू तिथे अडकतो आणि पांढरा धागा मागे राहतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते कापसाला सापडतं. ही सवय पुढेही ठेवा. एखाद्या दिवशी दोरी विनाकारण तुटायला लागली की आधी कापूस फिरवा, दोरीला दोष नंतर द्या.

मग गाइडचा पाय बघा. पायाचं टोक जाड आणि बोथट असेल तर धागा त्यावर चढताना मध्ये फट राहते. कानशीने टोक उतरतं करा, नखासारखं पातळ. खालची बाजू पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. तिथे एक जरी कंगोरा राहिला तर रॉड वाकताना तो कार्बनच्या तंतूंमध्ये रुततो, आणि ब्लँक पुढे नेमका तिथेच तुटतो.

दोन-तीन रनिंग गाइड जास्तीचेच मागवा. का ते पायरी ७ मध्ये कळेल.

६. जागा: हीच खरी निवड

या पायरीला घाई करू नका. मी एक पूर्ण संध्याकाळ देतो.

ब्लँकवर रील-सीट (रील बसवायचा भाग) कुठे येणार ते ठरवा आणि रील तात्पुरतं बांधा. ब्लँकची कोणती बाजू खाली ठेवायची, हेही आत्ताच ठरवा. काही जण ब्लँकचा कडक कणा शोधून त्यावर गाइड लावतात. मी ब्लँक डोळ्यासमोर धरून तो कुठल्या बाजूने सरळ दिसतो ते बघतो आणि त्याप्रमाणे लावतो. दोन्ही चालतं.

आता चोकची जागा. बहुतेक स्पिनिंग रीलचं स्पूल ब्लँकला किंचित तिरकं असतं. स्पूलच्या मधोमध जाणाऱ्या दांड्याची रेघ मनातल्या मनात पुढे वाढवली तर ती कुठेतरी ब्लँकला भेटते. मी एक सरळ लांब पट्टी स्पूलच्या मध्यावर, दांड्याच्या दिशेने धरतो आणि घरातल्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगतो. पट्टी ब्लँकला जिथे छेदते तिथे पेन्सिलने खूण. ती चोकची जागा. माझ्या २५०० च्या रीलवर ही खूण स्पूलपासून सुमारे चार फुटांवर आली. काही रीलचं स्पूल ब्लँकला जवळपास समांतर असतं, मग रेघ फारच पुढे जाते. अशा वेळी पट्टीचा आग्रह सोडा आणि चोक तीन ते चार फुटांच्या दरम्यान ठेवून फेकीने जागा ठरवा.

स्ट्रिपर स्पूलच्या तोंडापासून दीड ते पावणेदोन फुटांवर धरून सुरुवात करा. मधला गाइड त्याच्या आणि चोकच्या मध्ये. रीलपासून बघितलं तर तिन्ही रिंग एकात एक, एकाच नळकांड्यात बसल्यासारख्या दिसल्या पाहिजेत. एखादी बाजूला पडली तर पुढे-मागे सरकवा.

टोकाकडून पहिला रनिंग गाइड टिप-टॉपपासून (रॉडच्या अगदी टोकावर बसणाऱ्या गाइडपासून) नऊ-दहा सेंटिमीटरवर. तिथून चोकपर्यंत प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा थोडं मोठं होत गेलं पाहिजे. टोक जास्त वाकतं, म्हणून तिथे गाइड दाट.

गाइड धरून ठेवायला आता व्हॉल्व्ह ट्यूब काढा. सायकलच्या दुकानात 'व्हॉल्व्ह ट्यूब द्या' म्हणा, तो बारीक रबरी नळीचा तुकडा कापून देईल. तिचे दोन-तीन मिलिमीटरचे काप करा. प्रत्येक काप ब्लँकच्या टोकाकडून ओढून घाला आणि गाइडचा पाय त्याखाली सरकवा. गाइड घट्ट बसतो, तरी बोटाने सरकवता येतो. टेप लावली की प्रत्येक वेळी सोडवावी लागते, शिवाय उन्हाळ्यात तिचा डिंक ब्लँकवर राहतो. जाड बाजूला व्हॉल्व्ह ट्यूब ताणून फाटते, तिथे साधं रबर बँड लावा.

७. बाक बघा

रॉडची मूठ टेबलाला किंवा खिडकीच्या गजाला पक्की बांधा, टोक वर, साधारण ४५ अंशात. मुठीखाली टॉवेल ठेवा. दोरी सगळ्या गाइडमधून आणि टिप-टॉपमधून काढून खाली रिकामी बाटली बांधा. रील बंद. मग बाटलीत थोडं थोडं पाणी ओता. पाव लिटर, अर्धा लिटर. हलक्या रॉडला मी अर्ध्या लिटरवर थांबतो. नुसती बाटली उचलून जोर देऊ नका आणि टोक मागे वळेल इतकं वजन तर अजिबात टाकू नका.

आता बाजूला उभे राहा आणि दोरी बघा. स्पिनिंग रॉडवर गाइड खालच्या बाजूला, म्हणजे बाकाच्या आतल्या अंगाला असतात. प्रत्येक दोन गाइडमध्ये दोरी सरळच जाते, पण एकूण ती ब्लँकच्या बाकासोबत वळली पाहिजे. कुठे दोरी ब्लँकपासून लांब जाऊन धनुष्याच्या दोरीसारखी ताठ दिसली तर तिथे अंतर जास्त आहे. गाइड सरकवा. सरकवून भागत नसेल तर एक वाढवा. जास्तीचे मागवा म्हटलं होतं ते यासाठी.

सात फुटी रॉडला एकूण आठ-नऊ गाइड आणि टिप-टॉप लागतात, असं मोघम सांगता येतं. प्रत्येक फुटाला एक हा जुना ठोकताळाही त्याच्या जवळच येतो. पण मऊ टोकाच्या ब्लँकला एखादा जास्त लागतो आणि कडक ब्लँकला एखादा कमी. बाटली जे दाखवेल ते खरं.

प्रत्येक जागा लिहून ठेवा, टोकापासून सेंटिमीटरमध्ये. व्हॉल्व्ह ट्यूबचे काप सरकतात आणि मग कालचं जुळलेलं आज सापडत नाही.

८. बांधण्याआधी फेकून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. तुम्ही गाळू नका. प्रत्येक पायावर साध्या धाग्याचे पाच-सहा घट्ट वेढे देऊन गाइड तात्पुरते पक्के करा, नाहीतर फेकीच्या झटक्याने एखादा दोरीसोबत उडून जाईल. सकाळी लवकर, मैदानावर कुणी नसताना, गळ नसलेलं दहा ग्रॅमचं वजन लावा आणि फेका.

कान द्या. ब्लँकवर दोरी आपटली की टपटप असा आवाज येतो. आवाज येत असेल तर स्ट्रिपर अर्धा-अर्धा इंच पुढे सरकवून बघा. फेक नरम होऊन मध्येच मरत असेल तर कदाचित स्ट्रिपरची रिंगच लहान आहे. मग एक आकार मोठी लावून तेच वजन पुन्हा फेका. दोन्ही अंतरं पावलांनी मोजा. मला एका रॉडवर स्ट्रिपर १६ वरून २० केल्यावर बारा पावलांचा फरक मिळाला. ब्लँक तोच, रील तेच, सकाळही तीच.

९. टिप-टॉप

टिप-टॉपची दोन मापं असतात, रिंगचं आणि नळीचं. रिंग रनिंग गाइडएवढीच घ्या. नळीसाठी ब्लँकचं टोक कॅलिपरने मोजा. काही विक्रेते नळीचं माप मिलिमीटरमध्ये देतात, काही इंचाच्या चौसष्टाव्या भागात. एक चौसष्टांश म्हणजे ०.४ मिलिमीटर. दोन मिलिमीटरच्या टोकाला पाच नंबरची नळी बसते, १.६ ला चारची. नळी ब्लँकवर सहज सरकली पाहिजे. ठोकून बसवू नका आणि टोक घासून बारीक तर मुळीच करू नका.

चिकटवायला गरम करून लावायचा गोंद वापरा, म्हणजे रिंग फुटली तर तापवून टिप-टॉप काढता येतो. फक्त साधा मऊ गोंद नको, जास्त तापमान सोसणारा घ्या. मे महिन्यात गाडीत मागच्या काचेखाली ठेवलेल्या माझ्या रॉडचा टिप-टॉप उन्हाने गोंद सुटून आडवा फिरला होता. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, बंद गाडीत तर विचारायलाच नको. तेव्हापासून टिप-टॉपच्या नळीखाली ब्लँकवर धाग्याचे चार वेढेही देतो.

१०. धागा आणि इपॉक्सी, नागपूरच्या हवेत

हलक्या रॉडला 'ए' मापाचा नायलॉन धागा पुरतो. ब्लँकवरून सुरू करून गाइडच्या पायावर चढत जा. वेढे घट्ट हवेत, पण गाइड बोटाने केसभर सरकवता येईल इतकेच. सगळे गुंडाळून झाल्यावर रीलकडून डोळा लावून गाइड एका रेषेत आणायचे असतात.

हवेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इपॉक्सीच्या डबीवरच्या सूचना आपल्या उन्हाळ्याला धरून लिहिलेल्या नसतात.

कूलर चालू असलेल्या खोलीत इपॉक्सी लावू नका. कूलरची हवा ओली असते आणि ओल्या हवेत इपॉक्सीवर तेलकट, पांढरट थर येतो. माझा एक काळा रॉड असा धुरकट झाला, आणि तोही कूलरच्या अगदी समोर ठेवलेला. पावसाळ्यातही हीच भीती. एप्रिल-मेमध्ये पहाटे काम करा, कूलर बंद, पंखा बंद. उष्णतेत मिश्रण लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडंच कालवा आणि वाटीत न ठेवता अॅल्युमिनियम फॉइलवर पसरवून घ्या. डिसेंबर-जानेवारीत उलट होतं, पारा दहाच्या आसपास गेला की इपॉक्सी मधासारखं जाड होतं आणि बुडबुडे धरून ठेवतं. तेव्हा दोन्ही बाटल्या बंद झाकणाने कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि मग मोजा. माप इंजेक्शनच्या वेगवेगळ्या सिरिंजने घ्या, अंदाजाने नको. प्रमाण चुकलं तर इपॉक्सी महिनाभर चिकट राहतं.

लावल्यावर काही तास रॉड सावकाश फिरवत राहावा लागतो, नाहीतर इपॉक्सी खाली ओघळून थेंब धरतं. जुन्या मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर त्याला उत्तम. भंगारवाल्याकडे सांगून ठेवा. वायर जोडायचं काम मात्र इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

चोवीस तास हात लावू नका. वाकवून बघायचा मोह चार-पाच दिवस आवरा.

पाण्यावर जाण्याआधी

आपल्याकडचे बरेच तलाव आणि धरणं मासेमारीसाठी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असतात. तिथल्या संस्थेची परवानगी घेऊनच गरी टाका. तोतलाडोह पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे. कुणी कितीही आग्रह केला तरी तिकडे रॉड नेऊ नका.

पहिल्या दिवशी पिशवीत कापसाच्या दोन काड्या, एक जास्तीचा टिप-टॉप, गोंदाची कांडी आणि लायटर ठेवा. दहा-बारा फेकी झाल्या की थांबून प्रत्येक गाइडच्या पायाजवळचं इपॉक्सी बघा. तिथे पांढरी रेघ दिसली तर तो पाय धाग्याखाली हलतोय. घरी आल्यावर तेवढा एकच गाइड काढून पुन्हा बांधा, बाकीच्यांना हात लावायची गरज नाही.